चकली मऊ होती आणि मी दोन दिवाळ्या गप्प होते

गुण आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या माणसांना पुढचं वाचायला नको. भाजणी पाचपैकी पाच. मेतकूट पाच. गोडा मसाला साडेचार. चकली साडेतीन, आणि हे साडेतीन कसे झाले ते सांगायलाच बसले आहे. पोह्यांचा चिवडा तीन. कडबोळ्यांचं शेवटी बघू.

दुकानाचं नाव लिहीत नाही. जे बिघडलं होतं त्यात अर्धा वाटा माझा होता आणि लोक वाचताना तेवढा अर्धा बरोबर विसरतात. दादर पश्चिमेला, स्टेशनाबाहेरच्या फुलवाल्यांच्या गर्दीतून सुटलात की दहा मिनिटांवर, निराधार बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं हे विक्री केंद्र. दहा बाय बाराची खोली, स्टीलचे डबे, काचेचं काउंटर, मागच्या बाजूला दार आणि दारामागे स्वयंपाकघर. भिंतीवर पूर्वीच्या अध्यक्षबाईंच्या तसबिरी, हार घातलेल्या. आणि गल्ल्याच्या बरोब्बर वर, आपण पैसे काढताना वाचलीच पाहिजे अशा उंचीवर एक पाटी: 'आपल्या खरेदीमुळे एका भगिनीची चूल पेटते.'

ही पाटी लक्षात ठेवा.

माझा या विषयातला अधिकार काय, तर ठाकूरद्वारला आमचं किराणा दुकान होतं आणि त्याच्या गल्ल्यावर मी सव्वीस वर्षं बसले. दुकान सासऱ्यांचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की वाण्याच्या धंद्यात माल ओळखावा लागतो. सासरे म्हणाले, "माल मीपण ओळखतो, हमालपण ओळखतो. तू गिऱ्हाईक ओळखायला शीक." तेव्हापासून तेच करत आले. दुकान आता नाही. मेट्रोच्या खोदकामात दोन वर्षं पत्र्यांच्या मागे गेलं, मग चाळ पुनर्विकासात गेली. आम्ही तेविसाव्या मजल्यावर आलो. इतक्या उंचावर वाणी लागत नाही म्हणतात, सगळं मोबाइलवर येतं.

तर गिऱ्हाईक. आमच्याकडे एक पेन्शनर गृहस्थ यायचे. तूरडाळ न्यायचे, चार दिवसांनी निम्मी परत आणायचे. "वहिनी, शिजत नाही." आम्ही बदलून द्यायचो. पुढच्या महिन्यात पुन्हा. आमचे हे वैतागून म्हणायचे, जाऊ दे ना दुसरीकडे. सासरे म्हणायचे, तो जाणार नाही. तो एकोणीस वर्षं आला, शेवटी त्याची सून यायला लागली. जे गोड हसून "छान होती हो डाळ" म्हणून जायचे त्यातले कितीतरी पुढच्या महिन्यात समोरच्या दुकानात दिसायचे. कटकट करणाऱ्याला आपल्याकडेच यायचं असतं, म्हणून तो कटकट करतो.

हे सगळं ठाऊक असलेली बाई मी. आणि संस्थेच्या दुकानात पाय ठेवल्यावर सगळं विसरले.

पहिली खेप २०२२ च्या दिवाळीची. करोनानंतरची पहिली मोकळी दिवाळी, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, सूनबाईंची नोकरी. फराळ विकतचा आणायचा हे ठरलं. कुठून आणायचा यावर घरात काही चर्चा झाली नाही. मीच म्हटलं, विकतचाच आणायचा तर संस्थेतून आणू. वाक्य इतकं बरं वाटलं बोलायला! चार किलो चकली घेतली. त्या वेळी किलोला ५८० रुपये होते, आमच्या खालच्या फरसाणवाल्याकडे ५२०. वरचे साठ रुपये देताना पाटीकडे बघितलं आणि सुट्टेही परत घेतले नाहीत.

घरी आल्यावर पिशवी फोडली. चकली मऊ. वातड म्हणावी अशी नाही, पण दातांखाली 'कट' व्हायला हवं तिथे नुसतं 'हं' झालं. दोन दिवसांनी पिशवीच्या तळाला तेलाचा वास. खवट नाही, पण खवटपणाच्या वाटेवर निघालेला.

मी काय केलं? तव्यावर परतून पाहिली. मग चिवड्यात चुरून घातली. आणि पाहुण्यांना उरलेली देताना म्हणाले, "संस्थेतली आहे हां. निराधार बायका करतात." हे ऐकलं की समोरचा माणूस चावतानाच मान डोलवतो. "अरे वा, छानच!" एकानेही दुसरी उचलली नाही. तेही मी पाहिलं. गल्ल्यावर बसायची सवय, डोळे ताटलीवरच असतात.

२०२३ मध्ये पुन्हा तेच. पुन्हा तिथेच गेले, पुन्हा मऊ, पुन्हा गप्प. या वेळी दोनच किलो घेतली, म्हणजे माझ्यातलं गिऱ्हाईक हळूहळू निघून चाललं होतं, फक्त मला सांगत नव्हतं.

आता मी का घेतली, याचं खरं उत्तर द्यायला हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. दया होती, ती नाकारत नाही. पण दयेपेक्षा मोठी गोष्ट होती ते वाक्य. नव्या इमारतीत सगळे अनोळखी, कोण कुठल्या चाळीतून आलंय आणि कोण बंगला विकून, काही कळत नाही. तिथे "आम्ही संस्थेतून घेतो" म्हटलं की आपण कोण आहोत ते एका दमात सांगून होतं. चौदाव्या मजल्यावरच्या काकू तर फराळाची पिशवीच ताटाशेजारी ठेवतात, लेबल पुढे करून. चकली माझ्यासाठी नव्हतीच, ती दाखवण्यासाठी होती. म्हणून मऊ निघाली तरी माझं फारसं अडलं नाही.

भाची व्यवस्थापन शिकते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. जेम्स अँड्रिओनी नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९० साली मांडलं की दान करणाऱ्याला दुसऱ्याचं भलं हवं असतंच, पण देण्यातून स्वतःला मिळणारी ऊबही हवी असते. मी म्हटलं, म्हणजे आपण शेकोटीची लाकडं विकत घेतो. तिने अमेरिकेतला एक प्रयोगही सांगितला. सव्वीस दुकानांत कॉफीच्या डब्यांवर 'उत्पादकाला रास्त भाव' अशा अर्थाचं प्रमाणचिन्ह लावून पाहिलं, तर त्याच कॉफीची विक्री साधारण १० टक्क्यांनी वाढली. पण त्या कॉफीची किंमत चढवली तेव्हा महागडी कॉफी पिणारे टिकले आणि स्वस्तातली घेणारे दुसऱ्या डब्याकडे वळले. मला यात नवल वाटलं नाही. साठ रुपये जास्त देणारी मी तेविसाव्या मजल्यावरची आहे. ठाकूरद्वारच्या दोन खोल्यांत असते तर पाटी वाचून नमस्कार केला असता आणि चकली फरसाणवाल्याकडून घेतली असती.

आता थोडं मागे जाते. मूळची मी लालबागची. आई खाणावळ चालवायची. वडील गिरणीतच होते, पण पगारात सहा माणसं भागत नव्हती, म्हणून आईने आमच्या एका खोलीत गिरणीकामगार जेवायला घेतले. महिन्याच्या हिशेबाने चौदा माणसं, पाळीप्रमाणे दोन पंगती. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. वाण्याकडून उधारी, उधारीवर व्याज, कामगारांचे पैसे पगाराला, आणि मधले पंचवीस दिवस बाईने कसे काढायचे ते तिचं तिने बघायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी. बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, म्हणजे सावकाराचा फास सुटेल. आईला ते कर्ज मिळालं तेव्हा तिने पहिल्यांदा तांदूळ रोखीने आणला. गोणीवर हात ठेवून बसली होती, मला अजून दिसतं.

पण ते चौदा जण आईकडे जेवायला येत ते तिच्यावर उपकार म्हणून नव्हे. सातारकडचे होते, त्यांना सातारकडचं तिखट हवं असायचं, म्हणून येत. आणि काय एकेक बोलत! "काकी, आज आमटीत गणपती विसर्जन झालं का?" "भाकरी कडेला कच्ची आहे." आई चिडायची, परातीवर हात आपटायची, आणि दुसऱ्या दिवशी आमटी दाट असायची. त्यांना ठाऊक होतं की ही बाई पोरांसाठी राबते. तरी बोलत. १९८२ चा संप झाला तेव्हा त्यातल्या नऊ जणांनी गावी जाण्याआधी होते नव्हते ते पैसे आणून दिले आणि बाकीचे गावाहून पाठवतो म्हणाले. दोघांनी पाठवलेही.

आणि दुसरं उदाहरण आमच्या गल्ल्यावरचं. लिज्जत पापड आम्ही दुकान सुरू होतं तोवर विकला. गिरगावच्या माणसाला त्याचा वेगळा अभिमान, कारण जन्म इथलाच. १५ मार्च १९५९ ला सात गुजराती बायकांनी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. समाजसेवक छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून ८० रुपये उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ती भुलेश्वरच्या दुकानदाराकडे गेली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं, मग पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह घेतला: खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. ही युक्ती मला फार आवडते. सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

सासरे या गोष्टीतले मला दोनच मुद्दे सांगायचे. एक, या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा आला तरी देणगी मागायची नाही. दोन, तुटके पापड बाजारात पाठवायचे नाहीत, ते शेजारीपाजारी वाटून टाकायचे. सुरुवातीला त्यांनी एक हलका, स्वस्तातला पापडही काढला होता. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच चांगला करा आणि त्यात तडजोड करू नका. आजही केंद्रावर पीठ मळून बहिणींना देतात, त्या घरी लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात, तो तपासून घेतला जातो आणि लाटण्याची मजुरी मिळते. तिला तिथे वणाई म्हणतात. सव्वीस वर्षांत "बायकांना मदत म्हणून लिज्जत द्या" असं म्हणणारं एकही गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. "उडदाचा, मिरीवाला, दोन पाकिटं." संपलं. टीव्हीच्या जाहिरातीत ससा, आणि हजारो बायका मालकीण असलेली संस्था त्या सशाच्या मागे आरामात उभी. निम्म्या गिऱ्हाइकांना ते ठाऊकही नसेल.

या दोन्हींच्या मध्ये माझी मऊ चकली.

२०२४ च्या नवरात्रात संस्थेतून फोन आला, ताई, या वर्षी किती किलो लिहू? त्यांच्याकडे वही असते, जुन्या गिऱ्हाइकांना दिवाळीआधी विचारतात. मी तोंडावर आलेलं "या वर्षी आम्ही गावी जाणार आहोत" गिळलं. खोटं होतं ते. आणि म्हणाले, "अहो ताई, मागच्या दोन्ही वर्षी चकली मऊ होती."

पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग आवाज आला, "पिशवीवरची तारीख आहे का तुमच्याकडे?"

पिशवी कुठली असायला! पण तो प्रश्न ऐकला आणि मला एकदम ठाकूरद्वारचा गल्ला आठवला. 'वाईट वाटलं' नाही, 'बिचाऱ्या बायका आहेत' नाही. तारीख काय. हा धंद्याचा प्रश्न होता. तिने मला सरळ गिऱ्हाईक म्हणून घेतलं आणि मीच तिला दोन वर्षं तसं घेतलं नव्हतं.

"येता का?" म्हणाली. गेले.

मागच्या दारातून स्वयंपाकघरात नेलं. दोन मोठ्या कढया, चकलीच्या पितळी सोऱ्यांची रांग, दहा-अकरा बायका. तिथल्या मुख्य मावशी साठीच्या, नऊवारीवर ॲप्रन. त्यांनी मला भाजणी चाखायला लावली, कच्ची. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे, सगळं वेगवेगळं भाजलेलं, एकातही करपट नाही. म्हणाल्या, "भाजणीत चूक सापडली तर मी आजपासून लाटणं सोडीन." सापडली नाही. मोहनाचं माप दाखवलं. तेही बरोबर. मग मी कढईतली ताजी चकली मागितली. खाल्ली. कट! अशी चकली मी आईनंतर खाल्ली नव्हती.

मग बिघडतं कुठे? टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी पिशव्या भरत होती. मी पिशवीला हात लावला. गरम. आतून काचेवर श्वास सोडल्यासारखी वाफ धरलेली.

"कोमट असतानाच भरता?"

मावशी गप्प. मग म्हणाल्या, पूर्वी रात्रभर कागदावर पसरून ठेवायचो. आता कंपन्यांच्या ऑर्डरी असतात. दिवाळीच्या भेटीचे खोके, दोन-दोन हजार. टेम्पो चारला येतो. पसरायला जागा नाही आणि थांबायला वेळ नाही. तेलही त्यामुळेच, घाण्यामागून घाणा काढताना ते बदलायला हवं तेव्हा बदललं जात नाही.

"मग कंपन्यांनी सांगितलं नाही कधी, मऊ आहे म्हणून?"

त्या हसल्या. "कंपनीचे लोक येतात, आमचे फोटो काढतात, गळ्यात शाल घालतात. चकली कशी झाली हे अजून एकानेही सांगितलेलं नाही. खाणारे वेगळे, पैसे भरणारे वेगळे."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत लोकलमध्ये घोळवत होते. विकत घेणाऱ्याने खाल्ली नाही, खाणाऱ्याने विकत घेतली नाही. खोक्यात चकलीबरोबर एक कार्ड असतं, त्यावर संस्थेची माहिती. खोका उघडणारा माणूस कार्ड वाचतो, मग तक्रार कशी करणार? फुकटातली, वर पुण्याची. असं गिऱ्हाईक दोन हजारांचं मिळालं तरी दुकानाला काही शिकवून जात नाही.

आणि त्याहून वाईट ती वही. फोन करणाऱ्या ताईंनी दाखवली. दोन वर्षांत एकतीस नावांवर रेघ. मी विचारलं, का गेले, विचारलंत? म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, चाळी पडतायत, लोक विरारला, बदलापूरला जातायत. म्हणून." काही खरंच गेलेही असतील. पण त्या एकतिसांत माझ्या ओळखीचे दोघे होते आणि ते दोघेही अजून माहीमलाच राहतात. एकीला मी मुद्दाम फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अगं चकली बरी नव्हती. पण त्या बायकांना कसं सांगायचं? पाप लागेल." पाप लागेल म्हणून वर्षाची ऑर्डर काढून घेतली!

त्या पाटीने हे केलंय असं माझं ठाम मत आहे. चूल पेटते हे वाचल्यावर चकली मऊ आहे असं म्हणणं म्हणजे चुलीवर पाणी ओतणं. मी ताईंना म्हटलं, पाटी काढा. त्या म्हणाल्या, "अध्यक्षबाईंनी स्वतः लिहून घेतलीय." म्हणजे विषय संपला. पाटी अजून तिथेच आहे.

मधेच एक सांगते. २०१५ साली पवईत मिर्ची अँड माइम नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं, तिथे वाढणारी मुलं कर्णबधिर. भाचा आम्हाला घेऊन गेला होता. मेनूकार्डावर पदार्थाशेजारी त्याची खूण छापलेली, ती करून दाखवायची. आमच्या ह्यांना पनीरची खूण काही जमेना, वाढणारा मुलगा शांतपणे तीनदा करून दाखवत होता, आमच्याबरोबरची मुलं खिदळत होती. त्या टेबलावर अडाणी कोण होतं, तर आम्ही. दया करायला सवडच मिळाली नाही. तिखट जास्त झालंय हेही ह्यांनी बिनदिक्कत हातवाऱ्यांनी सांगितलं आणि त्या मुलाने ताक आणून ठेवलं.

तर २०२४ ची दिवाळी. मी तीन किलो लिहिली आणि अट घातली, माझी सकाळच्या घाण्याची द्या, दुसऱ्या दिवशी भरलेली. तशी दिली. चांगली निघाली. पण एका गिऱ्हाइकाला वेगळी वाढली म्हणजे दुकान सुधारलं असं नाही, उलट ही वाण्याची जुनी लबाडी आहे, आम्हीही कटकट्या माणसाला वरची डाळ द्यायचो. म्हणून २०२५ मध्ये मी सूनबाईंना पाठवलं, नाव न सांगता, भर धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी. किलोला ६८० झालेत. पिशवीवर भरल्याची तारीख आता ठळक आहे, अन्न परवान्याचा क्रमांक आहे, वजन घरच्या काट्यावर बरोबर भरलं. चकली कुरकुरीत. मागच्या खोलीत जाळीचे रॅक आणलेत म्हणे, चकल्या त्यावर गार करतात, आणि कंपनीच्या ऑर्डरी हजारावर थांबवतात. साडेतीनच का, तर आकार. एक चकली बशीएवढी, एक रुपयाएवढी. बशीएवढीचा मधला वेढा नीट तळला जात नाही. दीड गुण तिथे गेला.

बाकी मालाबद्दल थोडक्यात. भाजणी दिवाळीशिवायही मिळते, थालीपिठाची वेगळी आणि चकलीची वेगळी, मागताना नीट सांगा. मेतकूट घ्याच. मऊ भात, तूप, मेतकूट, आणि बाहेर पाऊस. मेथीचा कडूपणा असा की आहे हे कळतं आणि त्रास होत नाही. गोडा मसाला घरच्या आमटीत दोन वेळा वापरून मग बोलते आहे: दगडफूल थोडं पुढे येतं, कमी घाला. चिवडा गोड. साखर कोणी घालायला सांगितली देव जाणे, बहुधा कंपनीच्या खोक्यांसाठी. शेवया मी घेतल्या नाहीत. रविवारी बंद. मोबाइलवरून पैसे घेतात. घरपोच नाही, आणि ते बरंच आहे, गेल्याशिवाय पिशवीला हात कसा लावणार?

चौदाव्या मजल्यावरच्या काकूंना मी या वेळी विचारलं, चकली कशी वाटली? त्या म्हणाल्या, "छानच, किती चांगलं काम करतात त्या." म्हटलं, काम राहू द्या, चकली? त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. एक तुकडा मोडला, चावला, आणि म्हणाल्या, "मीठ जरा पुढे आहे का गं?"

होतं खरंच जरासं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना संस्थेचा नंबर लिहून दिला.

राहिली कडबोळी. चव चांगली, भाजणी तीच, तळणी खमंग, पण ओवा इतका की दुसऱ्या कडबोळ्यानंतर जीभ बधिर होते. दोन गुण. रविवारी बंद असतं, सोमवारी सकाळी फोन करते.